चढण आणि वळण

मोजमापाचे प्रश्न वेगळे आणि नीतीचे प्रश्न वेगळे, असा आपला एक समज आहे. कापड किती वार घ्यावे हे शिंप्याला विचारावे, तुळई किती फूट हवी हे सुताराला विचारावे. धैर्य, संयम, कर्तव्य यांविषयी मात्र संतांना आणि तत्त्वज्ञांना शरण जावे, अशी कामाची वाटणी आपण केव्हाच करून टाकली आहे. परंतु एखादे वेळी निव्वळ इंचांचाच प्रश्न असा समोर येतो की, तो सोडवता सोडवता आपण शिंप्याच्या दुकानातून उठून तत्त्वज्ञाच्या ओसरीवर केव्हा येऊन बसलो, हे आपले आपल्यालाच कळत नाही. डोंगरातल्या बर्फावर चालवायच्या स्नोमोबाइलचा पट्टा किती लांब असावा, हा अशांपैकीच एक प्रश्न आहे.

गुलमर्गला जाऊन आलेल्या मंडळींनी हे वाहन पाहिले असेल. चालकाच्या मागे बसून एखादी चक्करही मारली असेल. पुढे डावी-उजवीकडे वळणाऱ्या दोन स्की, मध्ये मोटारसायकलीसारखी बैठक, आणि मागे चाकांच्या जागी गरगर फिरणारा रबराचा एक रुंद पट्टा. पट्ट्यावर रबराचेच दाते असतात. ते बर्फ मागे ढकलतात आणि वाहन पुढे जाते. पट्ट्याची जी लांबी सांगतात ती त्याच्या सबंध वेढ्याची. प्रत्यक्ष बर्फावर टेकतो तो त्याचा खालचा भाग, म्हणजे निम्म्याहूनही कमी. आखीव वाटांवर हिंडणाऱ्या वाहनाला १२१ किंवा १२९ इंचांचा पट्टा पुरतो. डोंगरात जाणाऱ्यांची बाब निराळी. त्यांच्या वाहनांचे पट्टे १४६ इंचांपासून सुरू होतात आणि १५४, १६५ असे करीत १७५ इंचांपर्यंत, म्हणजे साडेचौदा फुटांपर्यंत जातात.

माझा एक पुतण्या कॅल्गरीला असतो. तिथून रॉकी पर्वत जवळ. त्यामुळे हिवाळा आला की त्याच्या मित्रमंडळात या इंचांवरून मोठे वाद झडतात. गेल्या वर्षी फोनवर तो मला म्हणाला, “काका, तुम्ही हसाल, पण घर घेताना आम्ही इतका विचार केला नव्हता. लांब पट्टा घेतला तर वाहन वर चढते, पण चटकन वळत नाही. आखूड घेतला तर हवे तसे वळते, पण खोल बर्फात रुतते. आता तुम्हीच सांगा!” मी काय सांगणार? पण चढणे आणि वळणे हे त्याचे दोन शब्द माझ्या मनात रेंगाळत राहिले.

त्याचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. चिखलातून जाताना आपण पायाखाली फळी टाकतो, त्यातलेच हे तत्त्व. वजन जितक्या मोठ्या जागेवर पसरेल तितके ते कमी रुतेल. पट्टा लांब झाला की वाहन भुसभुशीत बर्फावर तरंगल्यासारखे राहते, जास्त दाते एकदम बर्फात रोवले जातात, आणि चढावर वाहन जागच्या जागी चर खणीत बसत नाही. पण या जगात फुकट काहीच मिळत नाही. लांब पट्टा जड असतो. त्याला फिरवायला इंजिनाची ताकद अधिक लागते, आणि उंचावरच्या विरळ हवेत तर इंजिन आधीच दमलेले असते. शिवाय लांब वस्तूचा स्वभावच सरळ जाण्याचा. दाट झाडीत, अरुंद घळीत, चटकन अंग वळवून बाहेर पडायचे असेल तर आखूड पट्टा बरा. बर्फही सगळीकडे सारखा नसतो. युटामधला बर्फ कोरडा आणि पिसासारखा हलका. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाचा ओला आणि जड. बसणाराही कोणी शिडशिडीत, कोणी भरभक्कम. म्हणून जाणते लोक एकच एक आकडा कधी सांगत नाहीत; आधी तुझे वजन किती, तुझा डोंगर कोणता आणि तुझा हात किती सरावलेला, हे विचारतात.

इथे एखादा वैराग्यशील वाचक म्हणेल, हा सारा श्रीमंतांचा चोचला आहे. बर्फाच्या डोंगरावर जावेच कशाला? मला हा आक्षेप सहजासहजी मान्य करवत नाही. कारण या पट्ट्याच्या मुळाशी चैन नाही, एका बापाचे दुःख आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात वालकूर नावाचे गाव आहे. तिथे जोसेफ-आर्मां बोंबार्दिए नावाचा एक यंत्रकुशल माणूस राहत असे. बर्फावरून चालणारी गाडी करण्याचे प्रयोग तो लहान वयापासून करीत होता. १९३४ सालच्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिसायटिसने आजारी पडला. रस्ते बर्फाने बुजलेले. मुलाला इस्पितळात नेणे शक्य झाले नाही आणि ते मूल गेले. १९३७ साली बोंबार्दिएला दातेरी चाक आणि पट्टा यांच्या रचनेचे पेटंट मिळाले. त्याच्या पहिल्या मोठ्या गाड्यांतून डॉक्टर रोग्यांकडे गेले, मुले शाळेत गेली, टपाल खेड्यांत पोहोचले. आजच्या स्नोमोबाइलचा पूर्वज असलेले छोटे स्की-डू त्याने पुढे १९५९ साली बाजारात आणले. तेव्हा अधिक दूर पोहोचण्याच्या इच्छेला सरसकट हाव म्हणता येत नाही. पोहोचता न येणे म्हणजे काय, हे त्या घराने भोगले होते.

तरीही एक प्रश्न उरतोच. इस्पितळापर्यंत पोहोचण्यासाठी जन्मलेला पट्टा शिखराच्या कुशीपर्यंत पोहोचू लागला, तेव्हा त्याच्याबरोबर आणखी काय काय पोहोचले?

डोंगरातल्या स्वारांचा एक आवडता खेळ आहे. उभ्या चढावर वाहन भरधाव सोडायचे, जमेल तितके वर न्यायचे आणि वळून खाली यायचे. ज्याची खूण सर्वांत वर, तो जिंकला. पाहणाऱ्याला वाटते की ही चढण्याची स्पर्धा आहे. वस्तुतः ती वळण्याची परीक्षा असते. वाहनाचा जोर संपण्यापूर्वी, अजून चार हात वर जाता येईल असे वाटत असतानाच, वळावे लागते. तो क्षण चुकला की वाहन चढावरच रुतून बसते. आणि ज्या उतारांवर हिमस्खलन होते ते बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांचे, म्हणजे नेमके या खेळाला आवडणारे. वरवर शांत निजलेल्या बर्फाच्या थरांमध्ये एखादा कच्चा थर असतो. त्यावर भार पडला की अख्खा उतार चादरीसारखा सुटून खाली येतो. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर आशा पुष्कळ; अर्धा तास उलटला की फारच थोडी.

आपल्याकडे ‘अधिकार’ हा एक फार अर्थपूर्ण शब्द आहे. अधिकार म्हणजे हक्क नव्हे, पात्रता. आखूड पट्ट्याच्या दिवसांत त्या उंच उतारापर्यंत पोहोचणे हीच पात्रतेची खूण होती. वर्षानुवर्षे रुतून, खणून, वाहन ओढून काढून ज्याचा बर्फाशी परिचय झाला तोच तिथवर जाई. नवशिका पायथ्याशीच रुतत असे. त्याची फजिती होई, मित्र हसत. पण ती फजितीच त्याची राखण करी. लांब पट्ट्याने ती राखण काढून घेतली. बर्फ वाचायला शिकण्यापूर्वीच माणूस बर्फाच्या सर्वांत अवघड पानावर जाऊन उभा राहू लागला. सामर्थ्य इंचांच्या हिशेबाने विकत मिळते. अधिकार मिळत नाही.

मग लांब पट्टा वाईट काय? इतक्या घाईने निकाल देऊ नये. आखूड पट्ट्याच्या स्वाराला खोल बर्फात वेगाच्या जोरावरच तरावे लागते. तो थांबला की रुतला. लांब पट्ट्याचा स्वार सावकाश जाऊ शकतो, मध्येच थांबून पुढचे पाहू शकतो, पुन्हा निघू शकतो. म्हणजे ज्याला विचार करायचा आहे त्याला लांब पट्टा विचाराला सवड देतो, आणि ज्याला विचार करायचाच नाही त्याला तो विचाराच्या पलीकडे नेऊन सोडतो. दोष पट्ट्याचा नव्हे. पण म्हणून पट्टा निरपराध आहे असेही मला म्हणवत नाही. प्रत्येक साधन आपल्या मनात एक इच्छा घेऊन येते. जादा इंचांची ताकद घरात आली की ती वापरण्याजोगा डोंगर डोळे आपोआप शोधू लागतात.

२००८ सालच्या २८ डिसेंबरला ब्रिटिश कोलंबियात, फर्नी गावाजवळच्या डोंगरात, स्पारवुड गावचे अकरा जण स्नोमोबाइल घेऊन गेले होते. हिमस्खलन झाले आणि त्यांतले काही गाडले गेले. उरलेले पळाले नाहीत. ते मित्रांना शोधून खणू लागले. ते खणत असतानाच दुसरे स्खलन आले आणि त्यांच्यावर कोसळले. दोघे कसेबसे स्वतः बाहेर निघाले, त्यांनी तिसऱ्याला काढले. आणि आणखी बर्फ कोसळण्याच्या भीतीने त्या तिघांना अखेर तिथून निघावे लागले. आठ जण गेले. त्यांच्या पट्ट्यांच्या लांबीचा या दुर्घटनेशी संबंध जोडणे अन्यायाचे होईल. मला ही हकीकत आठवते ती दुसऱ्याच कारणाने. मित्रांना मागे ठेवून त्या तिघांनी जे वळण घेतले असेल, त्याहून कठीण चढण जगात कुठलीही नसेल. आणि तरीही ते वळणे योग्यच होते.

डोंगरातल्या स्वारांना म्हणूनच एक नियम शिकवतात, जो पहिल्यांदा ऐकताना निष्ठुर वाटतो. उतारावर एका वेळी एकानेच जावे, आणि तो वर रुतला तर मदतीला दुसऱ्याने त्याच उतारावर चढू नये. आपला सारा संस्कार याच्या उलट आहे. अडलेल्याकडे धाव घ्यावी, हेच आपण शिकलो. पण तिथे दुसऱ्याचा भार हाच दोघांचा घात ठरू शकतो. खाली सुरक्षित जागी उभे राहून, हाताशी फावडे ठेवून, डोळे न हलवता वर पाहत राहणे, हीच तिथली मैत्री. आपण पोहोचू शकतो म्हणून पोहोचलेच पाहिजे असे नाही, हे मैत्रीच्या बाबतीतही खरे असावे, हे मला त्या नियमाने शिकवले.

दिवाळीच्या दिवसांत आपल्या घराघरांतून खरेदीचे बेत चालतात, आणि आपण बहुधा एकाच अंगाने विचार करतो: याने आपण कुठवर जाऊ? मोठे घर, मोठे कर्ज, मुलासाठी दूरच्या देशातली मोठी पदवी. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपली म्हण सांगते. पण आज अंथरूणच हवे तितके लांब विकत मिळते, तेव्हा म्हणीने काय करावे? मला वाटते, तिला एक दुसरा प्रश्न जोडून द्यावा: इथून मला वळता येईल का? कर्ज घेतल्यावर नोकरी सोडावीशी वाटली तर सोडता येईल का? मुलाला तो अभ्यास झेपला नाही तर मान खाली न घालता घरी परत येता येईल का? ज्या चढावरून परतण्याची लाज वाटावी, तो चढ आपल्या पट्ट्याला कितीही सोपा असला तरी आपल्यासाठी फार उभा आहे.

पट्ट्याच्या लांबीला म्हणूनच एक उत्तर नाही. पण एक कसोटी आहे. तुझ्या वजनाला, तुझ्या बर्फाला आणि तुझ्या इंजिनाला जुळेल इतका लांब पट्टा खुशाल घ्यावा. त्यात कंजूषी नको, कारण रुतून बसण्यात कोणतेही पुण्य नाही. मात्र जितके इंच वाढतील तितके बर्फाचे ज्ञान वाढवावे, आणि बरोबर असे सोबती घ्यावेत, ज्यांनी “आज नको” म्हटले तर आपल्याला राग येणार नाही. डोंगर किती चढलो हे बर्फावरची खूण सांगते आणि पुढच्या हिमवर्षावात ती बुजून जाते. वेळेवर वळलो याची खूण कुठेच राहत नाही. ती एवढीच, की संध्याकाळी घरचा दिवा लागतो तेव्हा आपण दारात असतो.