शून्य युनिटांचे तीन अर्थ

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर चौकजवळ कर्जतचा फाटा फुटतो. या टापूत महावितरणचे तीन तऱ्हेचे ग्राहक शेजारी-शेजारी नांदतात. गावठाणातली घरं, त्यात फ्रिज, मिक्सर, पाण्याची मोटर, अलीकडे एखादा एसी. मग मुंबईकरांची फार्महाऊसं, शुक्रवारी रात्री उजळणारी आणि सोमवारपासून कुलपात जाणारी. आणि इर्शाळगड, माथेरानच्या कुशीतल्या ठाकर-कातकरी वाड्या, जिथं दोन दिवे, एक पंखा आणि मोबाईलचा चार्जर एवढाच भार. आजवर तिघांचाही हिशेब एकाच रीतीनं व्हायचा. महिन्यातून एकदा रीडिंगवाला येणार, मीटरचा फोटो काढणार, गेटला कुलूप असेल तर तसा शेरा मारणार आणि बिलावर सरासरी छापून येणार. वर्षाकाठी बारा आकडे.

स्मार्ट मीटर हेच काम दर अर्ध्या तासाला करतो. दिवसाचे ४८, वर्षाचे १७,५२० आकडे. महावितरणनं ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरांची कंत्राटं दिली. भांडुप, कल्याण आणि कोकण परिमंडलांचं काम अदानी समूहाकडे गेलं. हे सगळे मीटर बसून बोलू लागले की रोज १०८ कोटी नोंदी जमा होतील. या मीटरांवर जी भांडणं झाली ती मात्र या नोंदींवरून झालीच नाहीत. ती झाली प्रीपेडवरून, आणि ‘मीटर जोरात पळतो’ या संशयावरून. जून २०२४ मध्ये देवेंद्र फडणवीसांनी सामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर केलं. मग तेच स्मार्ट मीटर ‘टीओडी’, म्हणजे वेळेनुसार दर लावणारे, म्हणून, महिन्याअखेरच्या बिलासकट, दारात आले. पळण्याचं म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी जुना मीटरच रेंगाळत होता. चकतीचा मीटर झिजला की झिरोच्या दिव्याला आणि स्टँडबायवरच्या टीव्हीला दाद देईनासा होतो, इलेक्ट्रॉनिक मीटर तेही मोजतो. शंका असेल त्यानं शेजारी पडताळणी मीटर मागावा. एकूण मीटरांच्या पाच टक्के असे लावावेत, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानंच सांगून ठेवलं आहे.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. मीटरच्या भाषेचं आपण नीट ठरवलं; त्या भाषेत लिहिलेलं कोणी वाचायचं, ते मात्र ठरवायचं राहून गेलं.

भाषेचं काम खरोखर चांगलं झालं आहे. एके काळी प्रत्येक कंपनीच्या मीटरला तिचीच केबल आणि तिचंच सॉफ्टवेअर लागायचं. २०११ साली भारतीय मानक ब्यूरोनं आयएस १५९५९ हे मानक आणलं, युरोपात रुळलेल्या डीएलएमएस-कोसेम पद्धतीवर बेतलेलं. २०१५ मध्ये खास स्मार्ट मीटरसाठी आयएस १६४४४ आलं. त्यामुळे आज मीटर कोणत्याही कारखान्यातून आलेला असो, एकूण वापरलेल्या युनिटांचा आकडा १.०.१.८.०.२५५ या एकाच खुणेखाली सापडतो. घटनांनाही क्रमांक आहेत. १०१ म्हणजे लाईट गेली, १०२ म्हणजे आली. २०१ म्हणजे कोणीतरी मीटरजवळ लोहचुंबक आणला, २५१ म्हणजे झाकण उघडलं. चोरी आणि अंधार एकाच वहीत, एकाच शिस्तीनं टिपले जातात.

आता चौकच्या त्या तीन ग्राहकांकडे या वहीतून बघा. मंगळवारी दुपारी अडीच ते तीन. फार्महाऊसवर कोणी नाही, मेन स्विच बंद: वापर शून्य. वाडीत वाऱ्यानं फांदी तारेवर पडली, सकाळपासून लाईट नाही: वापर शून्य. गावात सगळं सुरळीत आहे, पंखे फिरताहेत, पण डोंगराच्या आडोशानं मीटरमधल्या सिमला रेंज मिळाली नाही, आकडा पोचलाच नाही. मोबाईलवरच्या आलेखात या तिन्ही जागा सारख्याच मोकळ्या दिसू शकतात. पहिल्या शून्याचा अर्थ, घर रिकामं आहे. दुसऱ्याचा, महावितरणची सेवा बंद आहे. तिसरं शून्यच नव्हे, ती हरवलेली नोंद आहे. मीटर आपल्या पोटात महिनाभराच्या नोंदी धरून असतो, त्यामुळे हरवलेली बरीचशी मागाहून मिळते. जी मिळत नाही ती केंद्रातली संगणक प्रणाली मागच्या वापरावरून अंदाजानं भरते. म्हणजे ज्या सरासरीला आपण रीडिंगवाल्याच्या नावानं शिव्या घालत होतो, ती गेली नाही. महिन्याची होती, अर्ध्या तासाची झाली. अंदाज करायला माझी हरकत नाही. पण अंदाजाच्या आकड्यावर ‘अंदाज’ अशी खूण हवी, आणि ती ग्राहकाला दिसायला हवी.

हा उगाच काढलेला कीस नव्हे, यात पैसे आहेत. जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत मिळते, ती टप्प्याटप्प्यानं रुपयापर्यंत जायची आहे. आता युनिट किती, याच्या जोडीला युनिट केव्हाचं, हेही बिलात आलं. मीटरचं घड्याळ मागं-पुढं असलं, किंवा चार तास हरवलेल्या नोंदी दिवसभरावर सारख्या पसरून दिल्या, तर दुपारी चालवलेली मोटर संध्याकाळच्या दरानं लागेल. एका महिन्यात पाच-दहा रुपयांचा फरक. कोणी भांडायला जाणार नाही, आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षं राहील.

त्याहून मोठी अडचण मीटरमध्ये नाहीच, खांबावर आहे. मीटर हुशार असला तरी त्याला आपण कोणत्या डीपीवर, म्हणजे कोणत्या रोहित्रावर, बसलो आहोत हे ठाऊक नसतं. ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, रोहित्र आणि फीडर यांची जोडणी माणसानंच पायी फिरून करायची असते. ती चुकली की एका डीपीवर गळती दिसते आणि शेजारच्या डीपीवर दिली त्यापेक्षा जास्त वीज विकल्याचा चमत्कार. आपल्याकडे लोड वाढला की वायरमन दोन घरं या डीपीवरून त्या डीपीवर टाकतो. पावसात रात्री साडेअकराला टाकतो, आणि त्या माणसाचे उपकार मानावेत. पण ती बदली कार्यालयातल्या नोंदीत कधी चढते? आणि नावांचं तर बोलायलाच नको. सातबाऱ्यावरून मयताचं नाव जसं पिढ्यान् पिढ्या निघत नाही तसंच बिलावरूनही. वीजजोड आजोबांच्या नावावर, नोंदवलेला मोबाईल काकांचा, राहतो पुतण्या, आणि ॲपचा ओटीपी जातो काकांकडे कांदिवलीला. पुतण्यानं आपला अर्ध्या तासाचा वापर बघायचा कुठून?

विजेचा हिशेब आणि वीज यांचं नातं या तालुक्यांना जुनंच चमत्कारिक आहे. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं, कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं १९२२ साली. घाटावरची तळी भरली, पाणी नळांतून खाली कोसळलं आणि वीज तारांवरून सरळ मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. मनोरे आमच्या शेतात, उजेड परळला. ती तक्रार आता शिळी झाली. पण खोऱ्यातून काहीतरी उचलून दूर न्यायचं आणि खोऱ्याला त्याचा हिशेब द्यायचा नाही, हा वहिवाटीचा रस्ता या वेळी माहितीसाठी वापरला जाऊ नये, एवढं म्हणायचा हक्क आम्हाला आहे.

कारण ती माहिती साधी नाही. अमेरिकेत एमआयटीतल्या जॉर्ज हार्ट यांनी घराबाहेरच्या तारेवरचे चढउतार बघून आत कोणतं उपकरण चालू आहे हे ओळखायची रीत शोधली, आणि यातून पाळत ठेवता येईल असा इशाराही त्यांनीच १९८९ मध्ये दिला. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहानं २००९ मध्ये स्मार्ट मीटर सक्तीचा करणारा कायदा खाजगीपणाच्या मुद्द्यावर अडवला. अर्ध्या तासाच्या आकड्यांतून मिक्सर ओळखू येणार नाही. पण गीझर येतो, एसी येतो, आणि घर रिकामं असणं तर लख्ख येतं. चौक ते कर्जत या पट्ट्यातल्या बंगल्यांचा वापर एका तक्त्यात मांडला तर कोणता बंगला कोणत्या दिवशी ओस असतो याची यादीच तयार. आज ही यादी रखवालदाराच्या डोक्यात असते. उद्या ती एका फाईलमध्ये असेल, आणि फाईल पेनड्राईव्हवर मावते. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. माझ्या दारातल्या मीटरची नोंद कोणी, कशासाठी उघडली याची यादी मला मिळेल का, हा त्या कायद्याला विचारायचा साधा प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न कंत्राटाच्या मुदतीचा. केंद्र सरकारच्या योजनेत हे काम ९३ महिन्यांच्या बोलीनं दिलं जातं. मीटर कंपनी बसवते, चालवते आणि शेवटी वीज कंपनीच्या हवाली करते. वर म्हटलेली मानकं मीटरच्या बोलण्याला आहेत. मीटरपासून केंद्रापर्यंत निरोप नेणाऱ्या रेडिओ जाळ्यांत मात्र एका कंपनीचं दुसरीशी जमेलच असं नाही. ब्रिटननं याची किंमत मोजली. तिथल्या पहिल्या पिढीचे मीटर असे होते की ग्राहकानं वीजपुरवठादार बदलला की हुशार मीटरचा पुन्हा साधा मीटर व्हायचा आणि माणूस आकडा वाचून कळवायचा. नंतर ते मीटर एका सामाईक यंत्रणेत ओढून घ्यायला वर्षं गेली. आपल्याकडे हस्तांतराच्या दिवशी मीटरांबरोबर त्यांच्या गुप्त किल्ल्या, मागच्या सगळ्या नोंदी आणि ती खांब-डीपीची जोडणी, सगळं मानकाच्या भाषेत हातात पडलं पाहिजे. तेव्हाचा अधिकारी दुसराच असेल. म्हणून हे आज लिहून घ्यायचं.

मात्र या नोंदी लोकांच्या कामी आणायला मुदत संपायची वाट बघायला नको. १०१ आणि १०२ या नोंदी मीटर लावल्या दिवसापासून होताहेत. त्यात ‘शेवटचा श्वास’ म्हणतात तशी सोय आहे: लाईट जाताच मीटर उरल्यासुरल्या शक्तीवर एक निरोप पाठवतो. मोबाईलचा टॉवरच बंद पडला तर तो जाणार नाही, हे खरं. तरी इर्शाळवाडीवर दरड कोसळली त्या १९ जुलै २०२३ च्या रात्रीनंतर, डोंगरातली एखादी वाडी एकाएकी काळोखात गेली तर ते खालापूरच्या तहसील कार्यालयाला पहाटेपूर्वी कळावं असं कोणाला वाटणार नाही? राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांत पुरवठा ठरावीक वेळेत सुरू न झाल्यास भरपाई आहे. ती मागताना आजवर ग्राहकापाशी पुरावा काय असायचा, तर ‘परवा रात्रभर लाईट नव्हती हो साहेब’. आता पुरावा त्याच्याच भिंतीवर लटकतो आहे. तेव्हा पहिली मागणी फार मोठी करू नये. प्रत्येक डीपीवर महिन्यात लाईट किती वेळा गेली आणि किती तासांनी आली, एवढा तक्ता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. मराठीत, दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत. त्यात कोणाचं नाव नाही, कोणाचा खाजगीपणा जात नाही, आणि लागणारी नोंद आधीच जमा झालेली आहे.