तोंडपाठ, पण कशाच्या जोरावर?

मे 2024 मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा लोकांपुढे आला आणि लगोलग वाद पेटला. मनाचे श्लोक आणि गीतेचा बारावा अध्याय यांच्या पाठांतराच्या स्पर्धा घ्याव्यात, असं त्यात सुचवलं होतं. एका बाजूला ते संस्कार वाटले, दुसऱ्या बाजूला लादणूक. मुलांनी काय पाठ करावं यावर तावातावाने बोललं गेलं. पाठ करताना मुलाच्या डोक्यात काय घडतं, हे मात्र कुणी फारसं विचारलं नाही. गंमत अशी की 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण घोकंपट्टीला निरोप द्यायला निघालेलं आहे. पाठांतर तारक की मारक, हे एकदा ठरवून टाकावं अशी घाई सगळ्यांनाच झालेली दिसते.

ही घाई जरा बाजूला ठेवून खानदेशाकडे पाहावं. जळगावहून भुसावळच्या रस्त्याला लागलं की नशिराबाद येतं, आणि त्याच परिसरात आसोदे. 1880 मध्ये या आसोद्यात महाजनांच्या घरी जन्मलेल्या आणि तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींची सून झालेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात खपताना, जात्यावर बसताना त्यांना ओव्या सुचत. मुलगा सोपानदेव, जे पुढे स्वतः कवी म्हणून ओळखले गेले, आणि त्यांचे मावसभाऊ जमेल तेव्हा त्या वहीत उतरवून घेत. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. निरक्षर बाईचं नाव विद्यापीठाला, या योगायोगाचं कौतुक बरंच होतं. तिची स्मरणशक्ती कोणत्या जातीची होती, हा प्रश्न त्या कौतुकात बुडतो.

या प्रश्नाकडे जाण्याची एक वाट पोर्तुगालमधून जाते. तिथल्या खेड्यांत थोरल्या मुलीला घरकामासाठी मागे ठेवायचं आणि धाकटीला शाळेत घालायचं, अशी रीत होती. आपल्याकडे हे कुणाला नवं वाटणार नाही. मेंदूतज्ज्ञ काश्त्रो-काल्दास आणि सहकाऱ्यांनी अशाच समाजातल्या साक्षर आणि निरक्षर बायकांना शब्द ऐकवून ते पुन्हा म्हणायला सांगितले. त्यांचा निबंध 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. खऱ्या शब्दांच्या बाबतीत दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. पण ज्यांना काहीच अर्थ नाही असे बनावट शब्द आले, की निरक्षर बायका अडखळू लागल्या. मेंदूच्या चित्रणातही हा फरक उमटला. अर्थ नसलेला नुसता ध्वनी सुटा करून धरून ठेवणं, ही बऱ्याच अंशी अक्षरं शिकल्यावर येणारी करामत आहे.

याचा अर्थ नीट लावला तर आपली एक समजूत उलटी होते. घोकंपट्टी म्हणजे जुनी, अडाणी, लिपीच्या आधीची सवय असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात न समजलेला परिच्छेद स्वल्पविरामासकट ओकून टाकणारा दहावीचा विद्यार्थी हा पूर्णपणे साक्षर संस्कृतीचा प्राणी आहे. बहिणाबाईंवर कुणी प्रयोग केला नव्हता हे उघड आहे. पण त्यांच्या गाण्यांत पेरणी, कापणी, मळणी, जातं, सुगरणीचा खोपा हेच विषय पुन्हा पुन्हा येतात, आणि शहरात पाहिलेला छापखानासुद्धा येतो. जे डोळ्यांनी पाहिलं, हातांनी केलं, त्यालाच ओवीची चाल आणि यमक मिळालं. डेव्हिड रुबिन या मानसशास्त्रज्ञाने 1995 च्या आपल्या ग्रंथात मौखिक परंपरांचं हेच गमक सांगितलं आहे: लय, यमक, अर्थ आणि दृश्य प्रतिमा एकत्र आल्या की पुढच्या ओळीसाठी पर्याय इतके कमी उरतात की ती चुकणंच अवघड होतं.

मौखिक स्मरण सगळं एकाच साच्याचं असतं असंही नाही. युगोस्लाव्हियातल्या गुस्ले या तंतुवाद्यावर गाणाऱ्या शाहिरांचा मिलमन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी अभ्यास केला. आपण शब्दन् शब्द तोच गातो, असं ते गायक शपथेवर सांगत. ध्वनिमुद्रणात मात्र दर खेपेला गाणं बदललेलं सापडे. आपल्या ओव्यांचंही तेच. गी पॉइतवँ आणि हेमा रायरकर यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमा झाल्या आहेत, आणि एकच ओवी गावोगाव वेगळा पेहराव करून भेटते. याच्या अगदी उलट टोकाला वेदपाठी. पद, क्रम, जटा, घन अशा उलटसुलट पाठांनी अक्षरही हलू नये याची तजवीज तिथे केलेली. 2016 मध्ये जेम्स हार्टझेल आणि सहकाऱ्यांनी 21 प्रशिक्षित वेदपाठ्यांच्या मेंदूंचं चित्रण प्रसिद्ध केलं. इतरांच्या तुलनेत त्यांच्या मेंदूच्या अनेक भागांत करडं द्रव्य (ग्रे मॅटर) जास्त आढळलं. त्यावरून मंत्रांनी बुद्धी वाढते असा निष्कर्ष समाजमाध्यमांवर फिरला. त्या अभ्यासाला इतकं ओझं पेलवत नाही. वर्षानुवर्षं रोज तासन् तास केलेल्या सरावाची ती खूण असू शकते, आणि आठवड्याला एक तासिका घेऊन भरवलेल्या स्पर्धेतून तशी खूण उमटण्याची आशा भाबडी आहे.

मग शाळेने पाठांतर सोडावं का? नाही.

एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टी फार थोड्या असतात. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांच्या 2001 च्या मांडणीनुसार त्या चारच्या आसपास. लहान मुलांत त्याहून कमी. सात आठे छप्पन्न हे ज्याला चटकन आठवतं, त्याची ती थोडीशी जागा मोकळी राहते आणि भागाकार कशासाठी चालला आहे हे त्याला पाहता येतं. ज्याला बोटांवर मोजावं लागतं, त्याच्या हातून उदाहरणाचा धागाच सुटतो. ठेवणीतल्या ज्ञानाची ताकद मिशेलिन ची यांनी 1978 मध्ये दाखवली: बुद्धिबळ खेळणाऱ्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांनी पटावरच्या मांडण्या मोठ्यांपेक्षा चांगल्या लक्षात ठेवल्या, आकड्यांच्या रांगांत मात्र मोठेच पुढे राहिले. स्मरणशक्ती अशी सुटी, सरसकट वाढत नाही. ज्या विषयाचं आधीच काही ठाऊक आहे, त्या विषयात ती धावते.

म्हणूनच पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांच्या आठवणीने उसासे टाकणं फारसं उपयोगाचं नाही. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, आणे-पै आणि शेर-पायलीच्या बाजारात रोज लागत होता. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली आणि त्या पाढ्याखालची जमीन सरकली. दोन ते तीसपर्यंतच्या पाढ्यांची गोष्ट वेगळी. ते आजही उपयोगी आहेत आणि मुलांना यायलाच हवेत.

मनातल्या या थोड्याशा जागेवरचं, म्हणजे कामकाजी स्मृतीवरचं, ओझं कसं कमी करावं, याचा एक खरा वाद महाराष्ट्रात होऊन गेला, पण तो थट्टेत संपला. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असं वाचन आलं. विनोदांचा पूर लोटला. पाठ्यपुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांचं म्हणणं साधं होतं: त्रेसष्ट ऐकताना मुलाच्या कानावर आधी तीन येतो, लिहिताना मात्र आधी सहा लिहावा लागतो. जर्मनमध्येही एकक आधी बोलतात, आणि तिथली मुलं आकडे लिहिताना अशाच अदलाबदली करतात हे अभ्यासांत नोंदलेलं आहे. मराठी संख्यानामं टिकावीत हे खरंच. पण शिकण्याच्या पहिल्या पायरीला आधार म्हणून दुसरं वाचन ठेवल्याने भाषा बुडत नव्हती.

नशिराबादसारख्या गावात हे ओझं आणखी एका बाजूने येतं. या भागात कुणाच्या घरात लेवा गणबोली, कुणाकडे अहिराणी, कुणाकडे उर्दू. पाठ्यपुस्तकातला प्रमाण शब्द मुलाने घरात ऐकलेलाच नसेल, तर त्याच्यासाठी तो काही काळ त्या पोर्तुगीज प्रयोगातल्या बनावट शब्दासारखाच असतो. अशा वेळी बोलीतला शब्द फळ्यावर शेजारी लिहिणारा शिक्षक लाड करत नसतो, नव्या शब्दाला अर्थाचा आधार देत असतो. बहिणाबाईंच्याच परिसरातल्या शाळेत त्यांची भाषा ‘अशुद्ध’ म्हणून दुरुस्त होत असेल, तर पुस्तकात त्यांची कविता ठेवण्याला काय अर्थ उरला?

राहिली परीक्षा. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगात एका गटाने उतारा चारदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून तीनदा पुस्तक मिटून आठवला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र फिरलं: वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवलं, आठवणाऱ्यांना 61 टक्के. कणगीतून धान्य काढलं की कणगी रिकामी होत जाते. आठवणीचं उलटं आहे, काढावी तशी ती पक्की होते. दिवेलागणीला परवचा म्हणून घेणाऱ्या आज्यांनी हे तत्त्व नकळत पाळलं होतं, फक्त चुकलं की धपाटा हा भाग वगळायला हवा.

या कसोटीवर आजच्या चाचण्या पाहिल्या तर दुखणं कळतं. राज्यात नियतकालिक मूल्यांकन चाचण्या होतात आणि शिक्षक त्यांचे गुण ऑनलाइन भरतात. स्मृतीला त्या आकड्यांचा काही उपयोग नाही. आठवण्याचा प्रयत्न झाल्यावर कुठे चुकलं हे मुलाला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कळलं, तर चाचणी शिकवते. महिन्यातून चार वेळा दहा मिनिटांच्या, गुण न नोंदवायच्या तोंडी चाचण्या घ्यायला ना ॲप लागतं ना छापील संच. लागतो तो शिक्षकाचा वर्गातला वेळ, आणि सध्या तोच माहिती भरण्यात जातो.