टेबलापलीकडचा वाचक

देहबोली आणि आत्मविश्वास यांवरची पुस्तके वाचावीत का, असे विचारले की सुशिक्षित माणसाचे उत्तर ठरलेले असते : वाचली तर बिघडले काय? ताठ बसा, समोरच्याकडे पाहून बोला, हाताची घडी घालू नका, असल्या सल्ल्यांनी कुणाचे नुकसान व्हायचे? वाचक ती पुस्तके स्वतःपुरती वापरतो तोवर हे बहुतांशी खरे आहे. पण उद्या तोच वाचक मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीत बसतो आणि समोरच्या उमेदवाराचा खांदा, नजर, हाताची बोटे वाचू लागतो. या पुस्तकांचा खरा हिशेब तिथे मांडायला हवा.

आधी स्वतःपुरत्या उपयोगाचे पाहू. २०१० साली डेना कार्नी, एमी कडी आणि अँडी यॅप यांनी ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात अवघ्या ४२ जणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन मिनिटे ऐसपैस, अंग पसरून राहिले की टेस्टोस्टेरॉन वाढते, ताणाशी निगडित कॉर्टिसॉल घटते आणि माणूस जोखीम घ्यायला धजावतो, असा त्याचा निष्कर्ष होता. कडी यांचे २०१२चे टेड व्याख्यान कोट्यवधी लोकांनी पाहिले. २०१५मध्ये त्यांचे ‘प्रेझेन्स’ हे पुस्तक आले. त्याच वर्षी ईवा रानेहिल आणि सहकाऱ्यांनी २०० जणांवर हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा संप्रेरकांत फरक दिसला नाही, वागण्यातही नाही. ‘बळ आल्यासारखे वाटते’ असे लोक सांगत होते, तेवढेच उरले. पुढच्या वर्षी खुद्द कार्नी यांनी हा परिणाम खरा आहे असे आपण मानत नाही, असे जाहीरपणे लिहिले. एवढा प्रांजळपणा विद्वानांत विरळाच. पण व्याख्यानाच्या मानाने असल्या खुलाशाला श्रोते किती मिळणार!

यावर कुणी म्हणेल, बळ आल्यासारखे वाटते हे काय थोडे झाले? थोडे नाही, पण त्याचा अर्थ जपून लावला पाहिजे. अशा बऱ्याच प्रयोगांत ताठ उभ्या माणसाची तुलना मुद्दाम अंग चोरून बसवलेल्या माणसाशी केलेली असते, नेहमीसारख्या उभ्या माणसाशी नव्हे. त्यामुळे पसरल्याने बळ वाढले की आकसल्याने घटले, हे कळत नाही. शिवाय आत्मविश्वासाचा भक्कम पाया कोणता, याचे उत्तर अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ सालीच दिले होते : एखादे काम स्वतः करून ते जमल्याचा अनुभव. असा अनुभव घ्यायला लावणारी पुस्तकेही आहेत, आणि सगळ्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. डेव्हिड बर्न्स यांच्या ‘फीलिंग गुड’ची नैराश्यग्रस्तांवर पद्धतशीर चाचणी झाली आणि त्याने काहींना गुण आला. पण ते पुस्तक वाचकाकडून वहीत आपले विचार लिहून, तपासून घेते. ते उभे कसे राहावे हे शिकवत नाही.

आता टेबलापलीकडे जाऊ. संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, हे वाक्य व्यक्तिमत्त्व विकासाच्या जवळपास प्रत्येक शिबिरात ऐकू येते. ते आले अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांतून. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून बोलणाऱ्याची आवड-नावड ओळखायला सांगितले होते; साऱ्या संवादाला तो आकडा लागू नाही, हे त्यांनीच पुढे स्पष्ट केले. तसे असते तर तमिळचा गंध नसतानाही तमिळ नाटक आपल्याला ९३ टक्के कळायला हवे. खोटे ओळखण्याच्या विद्येची अवस्था याहून वाईट आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६मध्ये २४ हजारांहून अधिक लोकांच्या निवाड्यांचा ताळा घेतला. खरे-खोटे ओळखण्यात माणसे ५४ टक्के वेळा बरोबर निघाली. नाणे उडवले तरी ५० टक्के मिळतात. पेशाने हेच काम करणारेही इतरांपेक्षा सरस ठरले नाहीत. अमेरिकेत विमानतळांवर हावभावांवरून संशयित हेरण्याच्या योजनेवर सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाल्यावर, तिला पुरेसा आधार नाही, असे तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी २०१३मध्ये सांगितले.

आपल्याकडे याची झळ कुणाला बसते? ज्या घरात वडीलधाऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणे हा उद्धटपणा समजतात, तिथली मुलगी मुलाखतीत नजर खाली ठेवते, ती रीत पाळते म्हणून. पुस्तक वाचून बसलेला परीक्षक त्यात न्यूनगंड किंवा लपवाछपवी पाहतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत २०२५ पैकी २७५ गुण व्यक्तिमत्त्व चाचणीचे असतात. दोन-चार गुणांनी यादी वरखाली होते, तिथे असा गैरसमज परवडणारा नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप व्यवहाराचा आहे : जग असेच पारखते, मग मुलांनी शिकू नये काय? जरूर शिकावे. पोशाखाचे, अभिवादनाचे संकेत शिकतो तसे अर्ध्या तासात शिकावे; त्याला शास्त्राचा टिळा लावायची गरज नाही. पण सगळेच तेच पुस्तक वाचून आले की ताठ बसण्यावरून ताठ बसता येते एवढेच कळते, आणि ज्याला शिकवणीचे पैसे नव्हते तो तेवढा मागे पडतो. निवड करणाऱ्याला दुसरा मार्ग आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यात सर्वांना तेच प्रश्न आणि आधी ठरवलेले निकष वापरणाऱ्या मुलाखती मोकळ्या गप्पांच्या मुलाखतींपेक्षा कामाचा अंदाज चांगला देतात, असे दिसले. त्यासाठी उमेदवाराच्या बोटांकडे पाहावे लागत नाही. प्रश्न मात्र आदल्या दिवशी बसून काढावे लागतात, आणि तेवढी तसदी बहुतेकांना नको असते.