मामाची कंपनी बुडाली

२०१३ साली इंदापुरात एसटी स्टँडसमोर पप्पूमामाचं मोबाइलचं दुकान होतं. रिचार्ज, चार्जर, कव्हर हे सगळं नावाला. खरा धंदा कार्ड भरून द्यायचा. काचेवर चिकटवलेल्या कागदावर दर लिहिलेला : दोन जीबी वीस रुपये, चार जीबी तीस. गिऱ्हाइकानं मेमरी कार्ड पुढं करायचं आणि ‘जुनी हिंदी’, ‘हळदीची’, ‘साऊथचे दोन पिक्चर’ एवढंच म्हणायचं. मामा कार्ड रीडरमध्ये सरकवून फोल्डर ओढायचा आणि गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत काम व्हायचं. गेमच्या डीव्हीडीही पन्नास रुपयांना मिळायच्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात अशा धंद्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण हवालदारही कार्ड मामाकडूनच भरून घ्यायचा, तेव्हा कायद्याची आठवण काढणार कोण?

मे महिन्यात पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा भाचा सुट्टीला आला. पेन ड्राइव्हमध्ये त्यानं टॉरेंटवरून उतरवलेला एक गेम आणला होता, ‘गेम डेव्ह टायकून’. त्यात ना बंदूक ना गाड्या. खेळणाऱ्यानं गेम बनवणाऱ्या कंपनीचा मालक व्हायचं. सुरुवात एका गॅरेजमधून, खिशात थोडेसे पैसे. विषय निवडायचा, गोष्टीवर किती वेळ घालवायचा आणि चित्रांवर किती ते ठरवायचं, चुका दुरुस्त करायच्या आणि माल बाजारात सोडायचा. मग समीक्षक दहापैकी गुण देतात आणि विक्रीचा आलेख वर चढू लागतो. मामा हाडाचा दुकानदार. जमाखर्चाचा खेळ म्हटल्यावर त्याला वेडच लागलं. दुपारी स्टँडवर शुकशुकाट असला की मामा गॅरेजमध्ये.

कंपनी वाढली, नोकर आले, गेमला नऊ-नऊ गुण पडू लागले आणि तरी गल्ला रिकामा राहू लागला. एक दिवस पडद्यावर निरोप आला. भाच्यानं तो वाचून सांगितला : मालक, आपला गेम खेळतायत पुष्कळ लोक, पण विकत न घेता चोरून उतरवतायत, असंच चाललं तर आपलं दिवाळं निघणार. आणि ते निघालंच. मामानं पुन्हा डाव मांडला, आणखी चांगला गेम काढला. पुन्हा तेच.

“आरं, ही काय पद्धत झाली?” मामा टेबलावर हात आपटून म्हणाला. “रात्रंदिवस राबायचं आम्ही आन् ह्यांनी फुकटात चोरायचं? लाज नाय लोकांना!”

त्याच्या पाठीमागं कार्ड रीडरमध्ये कुणाचं तरी चार जीबी भरत होतं. भाच्याला हसू आवरेना.

चार दिवसांनी भाच्यानं खरी भानगड शोधून काढली. गेम पॅट्रिक आणि डॅनियल क्लुग या भावांच्या ग्रीनहार्ट गेम्सनं बनवलेला. एप्रिलच्या अखेरीस त्यांनी तो आठ डॉलरला विकायला काढला आणि त्याच वेळी टॉरेंटवर फुकटची प्रत स्वतःच टाकली. कोणीतरी टाकणारच होतं, मग आपणच का नको, हा हिशेब. फरक एवढाच, की त्या प्रतीत कितीही चांगला गेम काढला तरी चोरीपायी कंपनी बुडतेच. पहिल्या दिवशी खेळणारे ३,३१८ मोजले गेले, त्यांत पैसे भरलेले २१४. वर फुकटे खेळाडूच इंटरनेटवर तक्रारी करत होते, की चोरांनी आम्हाला बुडवलं, काहीतरी उपाय सांगा.

“म्हणजे त्यांनी मला मामा बनवलं,” मामा म्हणाला. मग सावरून : “पण आठ डॉलर भरायचे कशानं? हितं कुणाकडं हाय परदेशात चालणारं कार्ड?”

यात तथ्य होतं. स्टीमसारख्या गेमच्या मोठ्या ऑनलाइन दुकानातसुद्धा रुपयांत किंमत दिसायला २०१५ उजाडावं लागलं. शिवाय फुकट उतरवणारा प्रत्येक जण एरवी विकत घेणाराच होता असंही नाही. मामाचा मुद्दा मी तरी खोडणार नाही.

पण त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी भजनी बुवा दुकानात आले. बुवांनी बारामतीला स्टुडिओ भाड्यानं घेऊन, पखवाजवाला आणि टाळकरी नेऊन अभंगांची सीडी काढली होती. त्यासाठी एक गाय विकली होती. किंमत पन्नास रुपये, प्लास्टिकच्या डबीवर फेटा बांधलेल्या बुवांचा फोटो. पन्नास डब्या मामाकडं विकायला ठेवलेल्या.

“किती गेल्या?” बुवांनी विचारलं.

“चार.”

“आवडना झालंय का लोकांना? पर काल वडापच्या जीपमधी माझाच अभंग वाजत हुता की. ड्रायव्हरला म्हनलं, बाबा, ह्यो मीच.” बुवांचा चेहरा फुलून गेला होता.

भाचा काही बोलला नाही, नुसता मामाकडं बघत राहिला. तो अभंग जीपवाल्याच्या कार्डात कोणी भरला होता हे दोघांनाही ठाऊक होतं. इथं डॉलर नव्हते, परदेशी कार्ड नव्हतं. पन्नास रुपयांची डबी हाताच्या अंतरावर होती.

बुवा गेल्यावर मामानं शेवटचा पत्ता टाकला. “अभंग तुकोबांचा हाय. बुवांचा कुठं?”

“शब्द तुकोबांचेच, मामा. पण स्टुडिओचं भाडं तुकोबांनी भरलं का? पखवाजवाल्याची बिदागी?” भाचा म्हणाला. “त्या क्लुग भावांनासुद्धा ही कल्पना कायरोसॉफ्टच्या ‘गेम डेव्ह स्टोरी’ या जपानी गेमवरून सुचली. तसं ते उघड सांगतात. कल्पना घेतली, पण कष्ट स्वतःचेच केले ना.”

दुसऱ्या दिवशी काचेवर नवा कागद लागला : ‘बुवांचे अभंग कार्डात भरून मिळणार नाहीत. सीडी ५० रुपये.’ मामा साधुसंत झाला असं कृपा करून समजू नका. साऊथचे पिक्चर पूर्वीसारखेच भरले जात होते, डीव्हीडीही खपत होत्या. ज्याचा चेहरा ओळखीचा, त्याच्यापुरतीच त्याला लाज वाटली. बहुतेकांची प्रामाणिकपणाची हद्द तिथंच संपते. न पाहिलेल्या माणसाचं नुकसान आपल्या खात्यात धरायला भलताच मोठा हिशेब लागतो आणि तो मामाला जमला नाही.

आणि त्या कागदानं झालं काय? पहिल्याच दिवशी दोन गिऱ्हाइकं उठून पलीकडच्या दुकानात गेली. तिथं बुवांचे अभंग कधीच पोचले होते, मामाच्याच एका गिऱ्हाइकाच्या कार्डातून. जुलैत तुकोबांची पालखी इंदापुरात मुक्कामाला आली तेव्हा मामानं दारात टेबल मांडून सीडी विकायला ठेवल्या आणि बऱ्याचशा खपवल्या. पैसे त्यानं कमिशन न कापता बुवांना दिले. स्टुडिओचा खर्च मात्र त्यातून निम्मासुद्धा निघाला नाही. बुवा अजून भजनाला जातात, आवाजही तसाच खणखणीत आहे. दुसरी सीडी त्यांनी काढली नाही.