शेजारी सांगतोय म्हणून

राऊटरवर बीजीपी सुरू करताना आधी शेजारी नोंदवावा लागतो : नेबर, त्याचा आयपी पत्ता, त्याचा एएस नंबर. मग तो सांगत राहतो, "हे हे पत्ते माझ्याकडून पोचतात." बीजीपी मुळात ते खरं मानतं आणि पुढच्या शेजाऱ्याला सांगतं. गाळायचं असेल तर गाळणी आपण लिहायची.

२४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमला यूट्यूब फक्त देशापुरतं बंद करायचं होतं. त्यासाठी केलेली २५६ पत्त्यांची घोषणा बाहेर गेली. यूट्यूबची स्वतःची घोषणा १,०२४ पत्त्यांची होती. राऊटर जास्त नेमकी घोषणा निवडतो, त्यामुळे जगभरचं ट्रॅफिक तिकडे वळलं आणि सुमारे दोन तास गोंधळ चालला. हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूने ती घोषणा न गाळता पुढे दिली होती. एप्रिल २०२१ मध्ये आपल्याकडच्या व्होडाफोन आयडियाच्या नेटवर्कमधूनही तीस हजारांहून जास्त चुकीचे मार्ग बाहेर पडले.

मला यात मधला जास्त दोषी वाटतो. चूक कुणाकडूनही होते. ती गावभर करायला दुसरा लागतो.

निदान लोट्यातल्या त्या रात्रीपर्यंत तरी मला हे इतकं सोपं वाटायचं. आमच्याकडे केमिकल कंपन्यांची एमआयडीसी. शेजारच्या काकूंचा व्हॉट्सअ‍ॅप आला : "गॅस लीक झालाय, बाहेर पडा, सगळ्यांना कळवा." मी कुणालाच कळवलं नाही. आधी खात्री करू म्हटलं. इंजिनिअर ना! वीस मिनिटांनी अफवा निघाली. पण ती वीस मिनिटं मी वाडीच्या वतीने जुगार खेळत होतो. गाळणी चुकली की खरा मार्गही गळतो, आणि त्याची बोंब होत नाही.

२०१७ चा आरएफसी ८२१२ सांगतो, की धोरण लिहिलेलं नसेल तर बाहेरच्या शेजाऱ्याकडून काही घेऊ नका, त्याला काही देऊ नका. शेजारी खोटारडा आहे असं त्यात कुठेच नाही. विश्वास कशावर ठेवायचा ते शांतपणी ठरवून ठेवा, एवढंच. राऊटरला हे परवडतं, कारण मार्ग उशिरा कळला तर एखादं पान उघडत नाही. गॅसचं तसं नाही. म्हणून वाडीच्या ग्रुपवर मी उलटा नियम सुचवला : पाळीवर असलेल्या कुणालातरी फोन करायचा, आणि त्याने उचलला नाही तर मेसेज खरा धरून निघायचं.

काकूंना तो मुळीच पटला नाही. "शेजारी सांगतोय तर आधी उठायचं रे," त्या म्हणाल्या, "फोन काय, वाटेत लाव."