हवेचं छप्पर

बदलापूरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लोकलने पोहोचायला साधारण दीड तास लागतो. अंतर 68 किलोमीटर. तेवढ्याच वेळात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक अख्ख्या पृथ्वीला एक फेरी घालून येतं. जमिनीपासून सुमारे 400 किलोमीटर उंचीवर, सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने फिरणारं हे घर 2 नोव्हेंबर 2000 पासून एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. जून-जुलै 2025 मध्ये शुभांशु शुक्ला तिथे राहून आले. तिथे मुक्काम केलेले ते पहिले भारतीय.

तिथल्या रोजच्या जगण्याबद्दल वाचताना जाणवतं, की आपल्याला जन्मतः फुकट मिळालेली प्रत्येक गोष्ट तिथे खटपट करून निर्माण करावी लागते. चोवीस तासांत सोळा वेळा सूर्य उगवतो, म्हणून दिवस-रात्र ग्रीनिचच्या घड्याळावरून ठरवायची. झोपायची पिशवी भिंतीला बांधायची आणि पंखा चालू ठेवायचा, कारण वजनच नसल्यामुळे उष्ण हवा वर जात नाही आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड झोपलेल्याच्या तोंडाभोवतीच साचून राहतो. हाडं झिजू नयेत म्हणून रोज सुमारे दोन तास व्यायाम. घाम आणि लघवी शुद्ध करून तेच पाणी पुन्हा प्यायचं. पावाचा चुरा तरंगत यंत्रांत जाऊ नये म्हणून पोळीसारखा टॉर्टिया खायचा. कपडे धुण्याची सोय नाही. वापरलेले कपडे आणि कचरा रिकाम्या झालेल्या मालवाहू यानात भरतात, ते यान खाली सोडतात आणि वातावरणात शिरताना ते जळून जातं.

आकाशातून येणारी उल्काही तशीच जळते. वाळूच्या कणाएवढा एखादा खडा प्रचंड वेगाने वातावरणात घुसतो, समोरची हवा क्षणात दाबली जाऊन तापते आणि जमिनीपासून साधारण 80 ते 120 किलोमीटरवर तो कण उजळून संपतो. म्हणजे उल्का स्थानकाच्या कितीतरी खाली घडते. ऑगस्ट 2011 मध्ये रॉन गॅरन या अंतराळवीराने ययाती तारकासमूहातल्या उल्कावर्षावातली एक उल्का स्थानकाच्या खिडकीतून टिपली, ती खाली पाहून. उल्का ताऱ्यांच्या राज्यातली नव्हे, आपल्या हवेतली घटना आहे, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नसेल.

हवेच्या वर राहणाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही. फ्रेड व्हिपल या खगोलशास्त्रज्ञाने 1947 मध्ये सुचवलेली ढाल स्थानकाला लावलेली आहे. बाहेर एक पातळ पत्रा, थोडं अंतर सोडून आत मुख्य भिंत. कण पत्र्यावर आदळून चुरा होतो, भिंत वाचते. पण प्रत्येक नळी अशी झाकता येत नाही. डिसेंबर 2022 मध्ये स्थानकाला जोडलेल्या सोयुझ यानातून शीतक द्रव बाहेर उसळला. सूक्ष्म उल्काकणाच्या आघाताने हे झालं, असा निष्कर्ष रशियन अंतराळ संस्थेने काढला. त्या यानातून गेलेल्या तिघांचा साधारण सहा महिन्यांचा मुक्काम 371 दिवसांवर गेला. तेवढाच कण बदलापूरच्या आकाशात शिरला असता, तर एखाद्या जागत्या माणसाने त्याची क्षणभराची रेघ पाहिली असती, इतकंच.

सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त उल्कांवर स्वतंत्र अध्याय लिहिला. स्वर्गात पुण्यफळ भोगून खाली येणाऱ्यांची ती रूपं, असं त्याने नोंदवलं. आज वरून खाली येणाऱ्यांत आपण वर धाडलेल्या वस्तूही असतात. 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भ-खानदेशात लोकांनी जळत जाणारे ठिपके पाहिले. अनेकांना ती उल्का वाटली. चिनी अग्निबाणाचा तो टप्पा असल्याचं अभ्यासकांनी सांगितलं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत एक मोठी धातूची कडी येऊन पडली. हवेचं छप्पर सगळं जाळू शकत नाही, हे त्या गावाने पाहिलं.

पण हे सगळं पाहायला आधी आकाश दिसायला हवं. बदलापूरशेजारच्या अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा. त्याआधी सहा वर्षं, 1054 मध्ये, वृषभ राशीत एक तारा फुटताना दिसला. चिनी निरीक्षकांच्या नोंदीनुसार तो 23 दिवस भरदिवसा दिसत होता आणि रात्री तर जवळपास दोन वर्षं. मंदिराजवळच्या वालधुनी नदीच्या काठच्या माणसांना तेव्हा आकाश पाहायला कुठे जावं लागत नव्हतं. आज उल्हासनगर-अंबरनाथच्या दिव्यांत आणि कारखान्यांच्या उजेडात मोजकेच ठळक तारे उरतात. खगोल मंडळासारख्या संस्था मुंबईकरांना आकाशदर्शनासाठी बदलापूरच्या पुढच्या वांगणीला नेत आल्या आहेत. पण नवे टॉवर आणि त्यांचे झगझगीत दिवे त्याच रेल्वेमार्गाने पुढे सरकत आहेत. हवा आपण धुराने मळवली, हे आता सगळे मान्य करतात. उजेडानेही ती मळते, हे अजून मनावर घेतलेलं नाही. उल्का पाहणं म्हणजे आपल्याला जिवंत ठेवणारी हवा काम करताना पाहणं. ते दृश्य एका पिढीच्या नजरेतून जाणं, हे मला मोठं नुकसान वाटतं.

हे नुकसान भरून काढणं अवघडही नाही. ययातीचा उल्कावर्षाव ऑगस्टमधला, आपल्याकडे तो पावसाळी ढगांत जातो. मिथुन राशीतला वर्षाव 13-14 डिसेंबरच्या रात्री, कोरड्या थंड हवेत येतो. फेथन या लघुग्रहाने मागे सोडलेल्या कणांचा तो वर्षाव. रात्री दहानंतर पूर्वेला पुनर्वसू नक्षत्र चांगलं वर आलेलं असतं, दुर्बीण लागत नाही, डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला अर्धा तास पुरतो. तेव्हा उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांच्या पालिकांना आणि गृहसंकुलांना एवढीच विनंती: रस्त्यावरच्या दिव्यांना वरून झाकणं बसवा, उजेड जमिनीवर पडू द्या, गच्चीवरचे शोभेचे दिवे रात्री दहाला बंद करा. आणि वाचकांनो, या डिसेंबरात घरातल्या मुलांना घेऊन गच्चीवर या.