आधी शर्ट उसवा

चि. मृणाल हिस,


सातवीच्या मुलांना कपड्यांच्या पुनर्वापराविषयी शिकवायचं तू मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. जुन्या जीन्सच्या पिशव्या जरूर करा, पण सुरुवात तिथून नको. प्रत्येकाला घरातला एक टाकाऊ शर्ट आणायला सांग आणि पहिले दोन तास तो नुसता उसवायला लाव.

उसवताना कपडा दिसायला लागतो. कॉलरच्या पोटातून बक्रम निघेल. शर्ट सुती असला तरी शिलाईचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असेल. आतली पट्टी वाचायला लाव; ६० टक्के सुती, ४० टक्के पॉलिएस्टर असं काहीतरी सापडेलच. शेतातला कापूस आणि खनिज तेलापासून केलेला तंतू एकाच सुतात पिळलेले असतात आणि ते पुन्हा वेगळे करणं भलतंच अवघड.

मग त्यांना हरियाणातल्या पानिपतला ने, नकाशावर का होईना. थंड देशांतले जुने स्वेटर आणि कोट जहाजाने कांडला बंदरात उतरतात आणि तिथून पानिपतला जातात. बायका बटणं, चेन, अस्तर कापून काढतात, रंगारंगाचे ढीग लावतात. मग यंत्राने फाडून, पिंजून त्याचं पुन्हा सूत काततात. लाल ढिगाचं सूत लालच निघतं, निराळं रंगवावं लागत नाही. त्या सुताच्या घोंगड्या भूकंप-पुरातल्या मदतकार्यात वाटल्या जातात. जुन्या लोकरीचं पुन्हा सूत काढायची ही विद्या जुनी आहे. इंग्लंडमधल्या बॅटली गावी बेंजामिन लॉ यांनी १८१३ च्या सुमारास ती सुरू केली. पण आता स्वस्त पॉलिएस्टरच्या मऊ ब्लँकेटांनी या घोंगड्यांचं गिऱ्हाईक तोडलंय.

एक सुती चिंधी मुलांना हातानं पिंजू दे. आपल्याकडच्या कापसाचा तंतू साधारण २५ ते ३० मिलिमीटर लांब. यंत्राने कापड फाडलं की तोही तुटतो आणि आखूड तंतूचं बारीक सूत निघत नाही. म्हणून जुन्या शर्टाचा नवा शर्ट क्वचितच होतो. होतं ते पायपुसणं, सतरंजी, नाहीतर गादीतलं भरण. माझा आग्रह आहे तो इथेच. कापड जितके दिवस कापड म्हणून वापरता येईल तितके वापरायचं, यंत्राकडे अगदी शेवटी.

आईच्या वेळी विरलेली कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा शिवत. विरलेलं अंग आत गेलं की शर्ट नव्यासारखा दिसे. नऊवारीचं आधी बाळाचं दुपटं होई, मग गोधडी. गोधडीत झिजलेले थर मधे घालून धावदोऱ्याने सगळे एकत्र धरायचे, यात केवढा हिशेब आहे! हे सगळं आपण गरिबीची खूण म्हणून टाकून दिलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. मुलांना ते कसब म्हणून शिकव.

आणखी एक. तुमच्या भागात बोहारीण येत असेल तर तिला वर्गात बोलाव. साडी उजेडाकडे धरून ती वीण बघते, काठ चिमटीत घेते, निऱ्यांपाशी विरलंय का ते चाचपते आणि मगच पातेलं पुढे करते. जुन्या कापडाची किंमत तिच्याइतकी कुणालाच कळत नाही. मात्र तिचा अर्धा दिवस बुडेल, तेव्हा मानधन शाळेकडून आधी मंजूर करून घे.

उसवायला ब्लेड देऊ नकोस. माझ्याकडे छोट्या कात्र्या आहेत, मुलं किती ते कळव म्हणजे दादाबरोबर पाठवते.

तुझी,
आत्या